पंडितवाद आणि प्रयोगशाळा

‘मिलिंदपञ्ह’ या पालि ग्रंथात राजा मिलिंदाला अवगत असलेल्या एकोणीस विद्यांची यादी येते. तीत गणित आहे, चिकित्साशास्त्रही आहे. अशा विद्यासंपन्न राजाने चर्चेची इच्छा दर्शविली, तेव्हा भदन्त नागसेनांनी अट घातली की, चर्चा पंडितांच्या रीतीने व्हावी, राजांच्या नव्हे. पंडितवादात चूक दाखविली जाते, ती मान्य होते. परंतु कोणी रागावत नाही. राजवादात विरोध करणाऱ्यास दंड होतो.

विज्ञान व गणित पंडितवादावाचून आत्मसात होत नाहीत. ‘हे मला समजले नाही’ असे निर्भयपणे म्हणता आले पाहिजे. ज्या समाजाला शतकानुशतके विद्येची बंदी होती, त्याच्या मुलांना केवळ प्रवेश देऊन भागत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे ओळखले होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या सिद्धार्थ महाविद्यालयात (मुंबई, १९४६) विज्ञानशाखा होती आणि नोकरदारांसाठी वर्ग सकाळी भरत. १९५० साली औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) सुरू झालेले महाविद्यालय पुढे ‘मिलिंद’ या नावाने, तर त्याचा परिसर ‘नागसेनवन’ या नावाने ओळखला जाऊ लागला. प्रश्नकर्ता आणि उत्तरदाता यांची ही जोडी अर्थपूर्ण आहे.

आमच्या अमरावती जिल्ह्यातले डॉ. सुखदेव थोरात याच मिलिंद महाविद्यालयात शिकले. अर्थशास्त्रज्ञ म्हणून नावलौकिक मिळवून ते २००६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्याच सुमारास अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती सुरू झाली. तिचा लाभ विज्ञानशाखांनाही मिळाला. आरंभी तिच्यासाठी ‘नेट’ची अट नव्हती, ती पुढे आली. दिल्लीच्या ‘एम्स’मधील जातिभेदाची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्षपदही थोरातांकडे होते. शिक्षकांचे सहकार्य, परीक्षा आणि वसतिगृह यांबाबत दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना येणारा भेदभावाचा अनुभव त्या समितीने २००७ साली नोंदविला. प्रवेश मिळाला, तरी आत राजवादच चालू होता, असाच याचा अर्थ होतो.

म्हणून विद्यापीठाच्या नेतृत्वाची कसोटी आम्ही अशी मानतो : राखीव जागा भरल्या का, एवढेच पाहू नये, अधिछात्रवृत्ती वेळेवर मिळते का, प्रयोगशाळेत उपकरण हाताळण्याची पाळी सर्वांना येते का, तोंडी परीक्षेत आडनाव पाहून गुण दिले जात नाहीत ना, हेही पाहावे. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठालाही हीच कसोटी लागू आहे.

परंतु सारा भार विद्यापीठावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. तिवशासारख्या तालुक्याच्या गावी विहारात आठवड्यातून एक सायंकाळ गणितासाठी राखता येईल. तेथे शिक्षकाने पहिली सूचना द्यावी ती नागसेनांचीच : येथे चुकल्याबद्दल कोणी रागावणार नाही.