नितळ पाण्यातील न दिसणारे धातू

बाजारहत्नूर येथे औष्णिक वीजकेंद्र नाही. तथापि तेथील घराघरांतील दिव्यामागे कोळशाचा वाटा मोठा आहे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातीलच जयपूर येथे (हा भाग २०१६ पासून मंचिर्याल जिल्ह्यात मोडतो) सिंगरेणी कंपनीचे १२०० मेगावॅटचे केंद्र आहे. म्हणूनच विजेमागे उरणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न आमच्या वाचकांना परका वाटू नये.

आपल्याकडील दगडी कोळसा जाळला की त्याचा सुमारे तिसरा हिस्सा, क्वचित अधिकही, राख होऊन उरतो. ही राख पाण्यात कालवून नळांवाटे तलावात सोडण्याची पद्धत रूढ आहे. राख तळाशी बसते, वर नितळ पाणी दिसते, आणि येथेच डोळा फसतो. आर्सेनिक, पारा, शिसे, सेलेनियम ही द्रव्ये त्या पाण्यात अंशतः विरघळलेली असू शकतात. पिण्याच्या पाण्यातील पाऱ्याची भारतीय मानकाने घातलेली मर्यादा १,००० लिटरला अवघी १ मिलिग्रॅम आहे. ज्वारीचा एक दाणा याच्या कितीतरी पट जड भरेल!

जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळील कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राख-तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी कोलार व कन्हान नद्यांत शिरले. कन्हान वैनगंगेला मिळते, वैनगंगा व वर्धा यांच्या संगमातून प्राणहिता होते, आणि ती जुन्या आदिलाबादच्या पूर्व सीमेवरून वाहत गोदावरीत जाते. नागपूरचे दुखणे नागपूरपुरते राहत नाही ते असे.

पावसाळ्यात आपण गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो, तेव्हा तरंगणारी माती खाली बसते. विरघळलेल्या धातूला मात्र आधी घनरूप द्यावे लागते. चुन्याने पाण्याची क्षारता वाढवली की शिसे, कॅडमियम यांचा साका बनतो. आर्सेनिकासाठी लोहाचे क्षार घालतात. त्यांच्या गाळाला ते चिकटून बसते. पारा गंधकयुक्त द्रव्याशी संयोग पावून खाली उतरतो. हट्टी ते सेलेनियम! त्याचे एक रूप चुन्याला मुळीच दाद देत नाही. तेव्हा प्राणवायूविरहित टाक्यांत विशिष्ट जिवाणू पोसावे लागतात; ते त्याचे अविद्राव्य कण करतात. ज्या कामी रसायने हरतात तेथे सूक्ष्म जीव उपयोगी पडावेत, याचे आम्हांला कौतुक वाटते.

एवढे करूनही धातू नाहीसे होत नाहीत. ते पाण्यातून गाळात जातात, इतकेच. तो गाळ अभेद्य अस्तराच्या खड्ड्यात न ठेवल्यास पुन्हा झिरपून विहिरींपर्यंत पोहोचू शकतो. १ जानेवारी २०१७ नंतर उभारलेल्या केंद्रांनी सांडपाणी बाहेर सोडूच नये, असा केंद्र सरकारचा डिसेंबर २०१५ चा नियम आहे. कोराडीसारखी जुनी केंद्रे त्या आधीची आहेत.