‘सांग, मी करतो’ : नव्या संसारातलं न दिसणारं काम



मागच्या भागात आपण भाड्याच्या घरात पहिल्या वर्षी सामान किती घ्यावं आणि काय मुळीच घेऊ नये, ते पाहिलं. आज सामान बाजूला ठेवू आणि ते घर चालतं कसं, ते बघू. हा भाग शक्यतो दोघांनी एकत्र ऐका, किंवा एकत्र वाचा. एकट्याने वाचून दुसऱ्याला ‘बघ, मी म्हणत नव्हते!’ असं सुनावण्यासाठी तो नाही.

सुरुवात माझ्या घरापासूनच करते. १९९६ साली लग्न झालं आणि सांगलीहून आम्ही थेट हैदराबादला गेलो. दोन खोल्यांचं घर, दोघांच्या नोकऱ्या, आणि शहरात ओळखीचं कोणी नाही. तिसऱ्या महिन्यात मला टायफॉइड झाला. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. आमचे हे मनाने अतिशय चांगले. म्हणाले, ‘तू पडून राहा. फक्त सांग, मी करतो.’

मग प्रश्न सुरू झाले. दूधवाल्याचा हिशेब कुठे लिहिलाय? गॅसचा नंबर कधी लावायचा? भांडी घासायला येतात त्या मावशींचं नाव काय? तांदळात बोरिक पावडर घातलीय का? हळद कुठल्या डब्यात? संध्याकाळपर्यंत मी अंथरुणावर पडून जवळजवळ अख्खं घर चालवत होते, फक्त हात त्यांचे होते. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दोन दिवस चारु-भात आणून दिला म्हणून आम्ही निभावलो.

चौथ्या दिवशी मी कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या मागे यादी करायला घेतली. घरात आठवड्याभरात जे जे लक्षात ठेवावं लागतं, ते सगळं लिहीत गेले. त्रेचाळीस गोष्टी झाल्या. यांनी ती यादी दोनदा वाचली आणि हळूच विचारलं, ‘एवढं असतं?’

मंडळी, ‘एवढं असतं’ हाच आजचा विषय आहे.

कामाचे तीन भाग

घरातलं कुठलंही काम घ्या, त्याचे तीन भाग पडतात. ते लक्षात ठेवणं, त्याचा निर्णय घेणं आणि ते प्रत्यक्ष करणं. तिसरा भाग डोळ्यांना दिसतो. पहिले दोन डोक्यात चालतात, म्हणून दिसत नाहीत.

भाजीचंच बघा. घरात काय शिल्लक आहे हे माहीत असणं, उद्या-परवा काय करायचं ते ठरवणं, बाजारात जाऊन आणणं, निवडून ठेवणं, आणि सडायच्या आत ती संपवणं. ‘काय आणू ते सांग’ म्हणून पिशवी घेऊन निघालेला माणूस यातलं एकच काम करतो. त्याला मनापासून वाटतं की भाजी आपण आणतो. तिला वाटतं की भाजी मीच बघते. दोघंही खोटं बोलत नाहीत, आणि भांडण नेमकं तिथेच सुरू होतं.

हे तुमच्या-आमच्याच घरात आहे असंही नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरच्या बिनपगारी कामात हात घालणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते आणि पुरुषांचे ९७ मिनिटं. म्हणजे एकीकडे जवळपास पाच तास, दुसरीकडे दीड तासाच्या थोडं वर. आणि हा हिशेब हातांच्या कामाचा आहे. डोक्यातली यादी कुठल्याच पाहणीत नीट मावत नाही.

दुसरी बाजूही सांगते. आमच्या यादीत मी गाडीचा विमा लिहिलाच नव्हता. घरमालकाशी बोलणं, लाइटबिल, गावाकडची तिकिटं, हेही राहिलं होतं. ते सगळं हे बघत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. म्हणून यादी दोघांनी मिळून करायची.

वार वाटू नका, खाती वाटा

बरीच जोडपी वार वाटून घेतात. सोमवारी तू, मंगळवारी मी. चार दिवस छान चालतं. मग मंगळवारी एकाची मीटिंग लांबते आणि सगळं कोसळतं. त्यापेक्षा मंत्रिमंडळासारखी खाती वाटून घ्या. ज्याच्याकडे दुधाचं खातं, त्याने दूध सांगायचं, गावाला जाताना बंद करायचं, महिन्याचा हिशेब करायचा आणि नासलं तर काय करायचं तेही बघायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं त्याचं.

याचे दोन नियम आहेत. पहिला, किमान कसं हवं ते एकदाच बोलून ठरवा. उदाहरणार्थ, भांडी रात्री झोपण्यापूर्वी झालीच पाहिजेत. दुसरा नियम जास्त अवघड आहे. खातं दिल्यावर मागे उभं राहून बघायचं नाही. पातेलं उपडं ठेवलं की उताणं, कांदा उभा चिरला की आडवा, यावर बोलायचं नाही. आपल्याकडे मुलींना लहानपणापासून काम शिकवतात आणि मुलग्यांना नाही. त्यामुळे पहिले दोन महिने पोळी भारताच्या नकाशासारखी होणार. होऊ द्या. तुम्ही लाटणं हातातून काढून घेतलंत, की ते खातं कायमचं तुमच्याकडे परत आलं म्हणून समजा.

स्वयंपाकघर: रोजचा प्रश्न आठवड्यातून एकदा

‘आज काय करायचं?’ हा प्रश्न वर्षातून ३६५ वेळा पडतो. तो आठवड्यातून एकदाच विचारा. रविवारी चहा घेताना सात दिवसांचा कागद लिहून फ्रिजला लावा. फार कौशल्य लागत नाही. दोन दिवस उसळ, दोन दिवस पालेभाजी, एक दिवस पिठलं, एक दिवस खिचडी, एक दिवस बाहेर. कागदावर लिहिलेलं असलं, की जो आधी घरी येईल तो सुरुवात करू शकतो. विचारायला कोणी जागेवर असावं लागत नाही.

कुकरची तीन भांडी हा तर नव्या संसाराचा मोठा आधार. खाली डाळ, मध्ये भात, वर बटाटे किंवा दुधी. एका गॅसवर, एकाच वेळी अर्धा स्वयंपाक होतो. उसळीची मटकी आदल्या रात्री भिजवा, सकाळी फडक्यात बांधा. मात्र तुम्ही राहता तिथली हवा लक्षात घ्या. पुण्या-मुंबईचं गणित दिल्लीच्या किंवा इंदूरच्या जानेवारीत चालत नाही. तिथे मोड यायला जास्त वेळ लागतो, म्हणून पुरचुंडी बंद डब्यात घालून शालीत गुंडाळून ठेवा. आंबोळीच्या पिठाचंही तेच. चेन्नईच्या मे महिन्यात उलटी तऱ्हा, काही तासांत पीठ फसफसून ओट्यावर येतं.

आणि एक. माहेरचा गोडा मसाला, मेतकूट, भाजणी जरूर आणा. पण त्याबरोबर शेजारच्या काकूंना एक पदार्थ विचारा. परक्या शहरात ओळखी अशाच वाढतात. आमचा चारु-भात विसरू नका.

पैसे: तीन कप्पे

आता नाजूक विषय. पैशाचे तीन कप्पे करा. एक घराचा, एक तिचा, एक त्याचा.

घरखर्चाचा वाटा निम्मा-निम्मा न करता कमाईच्या प्रमाणात ठेवा. समजा एकाचा पगार ६०,००० आहे, दुसऱ्याचा ४०,००० आणि घराचा खर्च ५०,०००. तर पहिल्याने ३०,००० घालायचे, दुसऱ्याने २०,०००. दोघांनीही आपल्या पगाराचा निम्मा भागच घातला. उरलेल्यातून बचत, आणि थोडी रक्कम अशी, की जिचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. त्याने त्यातून क्रिकेटची बॅट घ्यावी, तिने पुस्तकं घ्यावीत किंवा आईला पाठवावेत.

एकाचाच पगार असेल तर? बदलीमुळे अनेक मुली नोकरी सोडून नव्या शहरात येतात. अशा घरात घरखर्च आणि बचत काढून जी मोकळी रक्कम उरते, ती दोघांत सारखी वाटा. चप्पल घ्यायलासुद्धा हात पसरावा लागला, तर माणूस आतून लहान होत जातो. बोलत नाही, पण होतो.

घराच्या कप्प्यासाठी बँकेत संयुक्त खातं काढताना फॉर्मवर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ हा पर्याय निवडता येतो. म्हणजे दोघांपैकी कोणीही एकटा व्यवहार करू शकतो, आणि एक जण गेला तर दुसऱ्याचं खातं अडत नाही. नॉमिनी ही वेगळी गोष्ट आहे. बँक पैसे त्याच्या हातात देते, पण त्यावर वारसांचा हक्क राहतोच.

एक फाइल, दोघांना माहीत असलेली

लग्नाच्या वर्षात हे पाच कागद एका फाइलमध्ये आणा. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, भाडेकरार, आरोग्य विम्याची पॉलिसी, बँकेच्या नॉमिनेशनचे कागद आणि भविष्य निर्वाह निधीचं नामांकन. शेवटचं बहुतेक जण विसरतात. नोकरीला लागताना आपण अविवाहित असतो, तेव्हा भरलेलं नामांकन लग्नानंतर नव्याने भरायला हवं. ते ईपीएफओच्या संकेतस्थळावर घरबसल्या होतं. बँकेच्या ठेव खात्यांसाठी १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात. त्यामुळे ‘आई की बायको’ असा पेच पडत असेल, तर दोघींचीही नावं, कोणाला किती टक्के हे लिहून, देता येतात.

कंपनीच्या आरोग्य विम्यात जोडीदाराचं नाव आपोआप येत नाही, ते कळवावं लागतं. त्याला बहुधा मुदत असते. हनिमूनच्या फोटोंत ती निघून जाऊ देऊ नका.

सण कुठे करायचे?

हा प्रश्न गणपतीच्या आदल्या आठवड्यात विचारला, की त्याचं भांडण होतं. जूनमध्ये विचारला, तर त्याचं वेळापत्रक होतं. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी सुरू होतं, म्हणजे तसंही दोन महिने आधी ठरवावं लागतंच. एका वर्षी गौरी-गणपती तिकडे आणि दिवाळी इकडे, पुढच्या वर्षी उलट. ठरलेलं ज्याने-त्याने आपापल्या घरी सांगायचं. ‘ती नको म्हणते’ किंवा ‘त्याला जमत नाही’ असं म्हणायचं नाही. ‘आम्ही ठरवलंय’ म्हणायचं. या एका शब्दाने किती सासवा-सुना आणि किती जावई-सासरे वाचलेत, काय सांगू!

एक गोधडी

आता एक हौसेची गोष्ट. दोन्हीकडच्या आया-आज्यांच्या मऊ झालेल्या जुन्या साड्या मागून आणा आणि त्यांची एक गोधडी शिवा. उभा धावदोरा दोघांनाही येतो. येत नसेल तर तासाभरात येतो. रविवारी दुपारी दोघं समोरासमोर बसून दोन-दोन ओळी घालायच्या. आमची पूर्ण व्हायला दोन वर्षं लागली. यांचे टाके लांब, माझे बारीक, त्यामुळे मधली शीव कुठे आहे ते आजही कळतं. पण आमच्या घरातली सगळ्यात उबदार वस्तू तीच. आणि खरं सांगते, हात कामात असले आणि नजर सुईवर असली, की अवघड गोष्टी सहज बोलल्या जातात.

या आठवड्यासाठी

एवढं सगळं एकदम करू नका. या रविवारी फक्त यादी करा. दोन कोरे कागद घ्या, वेगवेगळ्या खोलीत बसा, पंधरा मिनिटं लिहा आणि मग कागदांची अदलाबदल करा. वाचताना बोलायचं नाही. पूर्ण वाचून झाल्यावर पहिलं वाक्य तक्रारीचं नको. ‘एवढं असतं हे मला माहीत नव्हतं’ असं म्हणता आलं, तर पुष्कळ झालं. वाटणी त्याच्यापुढे आपोआप सोपी होते.

माझं ते कॅलेंडरचं पान अजून आहे. त्रेचाळीसपैकी एकवीस गोष्टींपुढे यांची सही आहे, बावीसपुढे माझी. एक जास्त कोणाकडे, यावर आमची अजून वाटाघाट चालू आहे.

पुढच्या भागात घरी पाहुणे राहायला येतात तेव्हा या वाटणीचं काय होतं, ते बघू. तोवर दोघंही आनंदात राहा. नमस्कार.