मुंबई ते अंदमान : अंतर किती, वेळ किती?

आपल्या नगर जिल्ह्यातल्या अनेक गावांतली मुले सैन्यात आहेत. पोर्ट ब्लेअरला २००१ साली तिन्ही दलांची संयुक्त कमांड झाली. तिकडे एखाद्याची बदली झाली, की घरात दोन प्रश्न निघतात. अंदमान किती लांब? आणि रजेवर यायला किती वेळ लागेल? प्रश्न सारखेच वाटतात, पण त्यांचे हिशेब वेगळे आहेत.

मुंबईचे विमानतळ साष्टी बेटावर आहे. खाडी आपण पुलावरून ओलांडतो, म्हणून बेटावर आल्याचे जाणवत नाही, इतकेच. पोर्ट ब्लेअरचे, म्हणजे २०२४ पासूनच्या श्रीविजयपुरमचे, विमानतळ दक्षिण अंदमान बेटावर. पृथ्वीगोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरी ताणली, तर अंतर भरते सुमारे २,३०० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटरने भागले, की तीन तासांना थोडे कमी.

पण वारा हा भागाकार बिघडवतो. समोरून ताशी ८० किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीवरून मोजलेला वेग ७२० वर येतो आणि सुमारे वीस मिनिटे वाढतात. पावसाळ्यात आपल्या अंगावर पश्चिमेचा वारा येतो. दक्षिण भारतावर खूप उंचावर मात्र तो पूर्वेकडून जोराने वाहतो. तेव्हा अंदमानला जाताना तो आडवा येतो, परतताना ढकलतो. शिवाय तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसते. विमान जागेवरून हलते तिथपासून पलीकडे जाऊन थांबते तिथपर्यंतची ती असते.

पुष्कळदा विमान चेन्नईला बदलावे लागते. मुंबई-चेन्नई सुमारे १,०३० आणि चेन्नई-पोर्ट ब्लेअर सुमारे १,३७० किलोमीटर. या वळणाने अंतर वाढते जेमतेम शंभर किलोमीटर, पण पुढच्या विमानाची वाट पाहण्यात कित्येक तास जातात. आणि नगरहून मुंबईचे विमानतळ गाठायला मोटारीने पाच-सहा तास लागतात. अंतर अडीचशे किलोमीटर! त्याच्या नऊपट लांबचे अंदमान थेट विमानाने त्याच्या निम्म्या वेळात येते.

आणखी एक गंमत. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण अंदमान नगरच्या पूर्वेला १८ रेखांश आहे. एका रेखांशाला चार मिनिटे, म्हणजे ७२ मिनिटांचा फरक. मुलगा तिथे मगरिबची नमाज पढत असतो किंवा देवापुढे दिवा लावत असतो, तेव्हा इथे आईच्या अंगणात अजून ऊन असते.

चेन्नईहून बोटीने अंदमानला जायला आजही अडीच-तीन दिवस लागतात. त्या मानाने विमान म्हणजे वरदानच. तरीही रजा मोजताना तिकिटावरचे तास धरू नका. घराच्या उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजा. जायला एक आणि यायला एक, असे निदान दोन दिवस वाटेतच जातात. उरलेले दिवस घरचे, असे धरले म्हणजे लग्नाची तारीख किंवा दवाखान्याची वेळ ठरवताना घोटाळा होत नाही.