कानावरून ओळखायचा मासा

इलिनॉयहून

अमेरिकन माणसाला निसर्गाचं काही पडलेलं नसतं, मोठी गाडी आणि मोठं बर्गर मिळालं की तो खूश, असं आपल्याकडे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांना शनिवारी सकाळी इथल्या एखाद्या तळ्यावर आणून उभं करावं. बादलीत तळहाताएवढे मासे आणि भोवती चौघे तावातावाने भांडताहेत: हा ब्लूगिल, ग्रीन सनफिश, की दोघांचा संकर?

सनफिश हे उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचं घराणं. त्यातला ब्लूगिल हा इलिनॉयचा राज्यमासा, १९८६ साली शाळकरी मुलांनी मतदान करून निवडलेला. माझे शेजारी निवृत्त ट्रकचालक आहेत. ते हात ओला करून मासा धरतात, पाठीवरचे काटे अंगठ्याने मागे दाबतात आणि कल्ल्याच्या झाकणामागची मऊ पाळी दाखवतात. या पाळीला इथे ‘कान’ म्हणतात. कान काळाभोर, काठ नसलेला आणि पाठीच्या पराच्या मागच्या टोकाशी काळा डाग असला की ब्लूगिल. कानाच्या टोकाला लाल ठिपका आणि गालावर निळ्या नागमोडी रेघा असल्या की पम्पकिनसीड. तोंड मोठं आणि परांना पिवळसर काठ, तर ग्रीन सनफिश. कानाला लाल काठ असलेला रेडइअर गोगलगायी फोडून खातो, म्हणून दक्षिणेत त्याला शेलक्रॅकर म्हणतात. एवढं पाठ केलं तरी सुटका नाही, कारण ही मंडळी जातपात पाळत नाहीत. वर मत्स्यबीजवाले ग्रीन आणि ब्लूगिलचा संकर मुद्दाम करून शेततळ्यांसाठी विकतात.

आमचे साताऱ्याचे मामा इथे आले होते. हे कानपुराण ऐकून ते कंटाळले. “अरे, खायला कसा लागतो ते विचार ना त्यांना!” विचारलं. मक्याच्या पिठात घोळवून तळायचा, झकास लागतो. “मग कुठला का असेना, तळल्यावर काय फरक पडतो?”

पडतो, मामा. लांब कानाच्या लाँगइअरचा उत्तरेकडचा भाऊबंद बरीच वर्षं नुसती उपजात समजला जाई. आता तो नॉर्दर्न सनफिश नावाची स्वतंत्र जात आहे. न्यूयॉर्क राज्यात तो संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे आणि त्याच राज्यात पम्पकिनसीड मात्र जागोजागी सापडतो. म्हणजे कोणता बादलीत टाकायचा आणि कोणता पाण्यात परत सोडायचा, हे कानावरून ठरतं.

म्हणून इथले लोक फार पद्धतशीर आहेत असं समजू नका. यातल्या बऱ्याच जातींना नावं दिली ती राफिनेस्क या विक्षिप्त विद्वानाने. १८१८ मध्ये तो केंटकीत चित्रकार ऑड्युबनकडे उतरला आणि खोलीत शिरलेली वटवाघळं मारताना यजमानाचं व्हायोलिनच त्याने फोडलं. ऑड्युबननेही त्याला बंदुकीच्या गोळीला दाद न देणाऱ्या खवल्यांचा मासा वर्णन करून सांगितला आणि या पठ्ठ्याने तो १८२० च्या ग्रंथात छापला! लार्जमाउथ बास हाही सनफिशच्याच घराण्यातला, गळ टाकणाऱ्यांचं दैवत. २०२२ मध्ये येलच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए तपासून दाखवलं, की त्याचं ‘सॅल्मॉइडीस’ हे १८०२ सालचं शास्त्रीय नाव खरं तर फ्लोरिडा बासचं आहे. दैवताला आता ‘नायग्रिकन्स’ म्हणायचं. आमच्या गांडुळं विकणाऱ्या दुकानात त्यावरून अजून कुरकुर चालते.

घरी एवढी चिकित्सा करणाऱ्यांनी बाहेर मात्र उपद्व्याप केले. १९६० मध्ये शिकागोच्या महापौरांनी जपानच्या युवराजांना ब्लूगिल भेट दिले. ते तिथल्या तळ्यांत माजले आणि पुढे सम्राट झालेल्या त्याच युवराजांनी २००७ मध्ये जाहीर खंत व्यक्त केली.

पण आपण कुठल्या तोंडाने हसणार? पुण्याजवळच्या नदीतला महसीर कर्नल साइक्सने १८३९ मध्ये ‘खुद्री’ या नावाने नोंदवला. पुढे लोणावळ्याला त्याची पिल्लं वाढवून ठिकठिकाणी सोडली, कावेरीतसुद्धा. कावेरीत आधीच स्वतःचा भलाथोरला, पाठीला कुबड असलेला महसीर होता. त्याचं शास्त्रीय नाव नक्की झालं ते २०१८ मध्ये: टॉर रेमादेवी. तोवर तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आलेला आणि नदीत आपल्याकडचा पाहुणा ठाण मांडून बसलेला. नाव न विचारता मासा सोडला की असं होतं.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आमच्या कृष्णेत आता जाळं टाकलं की तिलापियाच.”

मला हेवा वाटतो तो एकाच गोष्टीचा. इथे १९५० च्या कायद्यानुसार गळाच्या काठ्या आणि रिळांवर दहा टक्के कर कारखानदाराकडूनच घेतला जातो आणि तो पैसा राज्यांना माशांच्या कामासाठी मिळतो. म्हणजे काठीच्या किमतीतून शेवटी मासे धरणाराच माशांचा खर्च उचलतो. आपल्याकडे मासा नदीतून गेला की मग त्याच्यावर चर्चासत्र भरतं, चहा-बिस्किटांसकट.

साइक्सच्या यादीत कोळस, शिंगटी अशी आपल्याच लोकांच्या तोंडची नावं आहेत. ही नावं आणि ते मासे ओळखणारे भोई अजून नदीकाठी आहेत. अशा कराची वाट कशाला बघता? या सुट्टीत मुलांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवा आणि सापडेल त्या प्रत्येक माशाचं नाव आणि खूण लिहून घ्यायला लावा.