धनगरी कुत्र्याचं पिल्लू घरी आणताय?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मेंढरांच्या वाड्यावर कुत्रा हवाच. ज्ञानगंगा अभयारण्यात बिबटे आहेत, अस्वलं आहेत. २०१९च्या डिसेंबरात टिपेश्वर अभयारण्याकडून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघही इथेच थांबला होता.

एक गोष्ट आधी समजून घ्या. बॉर्डर कॉली जातीचा कुत्रा मेंढ्या वळवतो. आपला धनगरी कुत्रा मुख्यतः राखण करतो. दिवसा पेंगतो, रात्री जागतो, अनोळखी चाहूल लागली की भुंकतो. म्हणून गावातल्या घरी आणल्यावर तो रात्री भुंकला, तर त्याला मारू नका. ते त्याच्या रक्तातलं काम आहे.

पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नका. दात किती जोरात लावायचे, हे ते आई-भावंडांकडूनच शिकतं. साधारण तीन ते चौदा आठवडे हा त्याच्या ओळखीचा काळ. लहान मुलं, म्हातारी माणसं, कोंबड्या, शेळ्या, मोटारसायकलचा आवाज, सगळं या दिवसांत हळूहळू दाखवा. पोरांच्या पायांमागे धावून चावे घेऊ लागलं, की खेळ तिथेच थांबवा आणि चघळायला दोरी द्या. ओरडण्यापेक्षा हे फार लवकर कळतं.

नुसत्या भाकरी-दुधावर ठेवू नका, उकडलेलं अंडंही द्या. सहा-आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर-पार्व्होची लस आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, चुकवू नका. साखळीला चोवीस तास बांधणार असाल, तर कृपया हे पिल्लू आणूच नका.