जपानची दाटी नेमकी कुठे आहे?

जपान दाटीवाटीचा देश म्हणून ओळखला जातो. पण सरासरी घनता काढली तर ती महाराष्ट्राहून थोडी कमीच भरते. सरासरी इथे फसवते. सुमारे दोन तृतीयांश भूमी जंगलाखाली, तीही बहुतांशी डोंगराळ, त्यामुळे बारा कोटींहून अधिक माणसे मोजक्या मैदानांत एकवटली आहेत. टोकियो महानगर परिसरातच साडेतीन कोटींहून अधिक. घर लहान, म्हणून सकाळी फुतोन, म्हणजे जमिनीवर अंथरलेली गादी, घडी करून ठेवली की झोपायच्या खोलीचीच बैठक होते. रस्ते अरुंद, म्हणून १९६२ च्या कायद्याने मोटार घेणाऱ्याकडे ती ठेवायला जागा असल्याचा दाखला मागितला.

मुंबईही दाट आहे, मग तिथे असे का नाही, हा आक्षेप रास्तच. भूगोल अडचण उभी करतो, तोडगा माणसांनी काढायचा असतो. ओसाकाच्या हानक्यू रेल्वेने १९१० पासून रुळांलगत घरे बांधून विकली आणि १९२९ मध्ये उमेदा स्टेशनावर मोठे दुकान थाटले. प्रवासी आणि गिऱ्हाईक एकच झाले. मैदानांबाहेरचा जपान मात्र वेगळाच. २०२३ च्या गृह सर्वेक्षणात वाकायामा आणि तोकुशिमा प्रांतांत पाचांतले एक घर रिकामे आढळले.