ऋण, पश्चात्ताप आणि कृपा : ख्रिस्ती मराठी वाङ्मयातील एका संकल्पनेचा परिचय

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• ख्रिस्ती विचारातील 'कृपा' या संकल्पनेचा नेमका अर्थ सांगता येईल;
• अपराधभाव आणि दुर्बलता यांतील भेद स्पष्ट करता येईल;
• ऋण, पश्चात्ताप, क्षमा या शब्दांचा मराठी भाषिक व्यवहार उलगडून दाखवता येईल;
• ख्रिस्ती मराठी वाङ्मयातील संबंधित स्थळे डोळसपणे वाचता येतील.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ख्रिस्ती मराठी वाङ्मयाची परंपरा चारशे वर्षांहून जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात राचोल येथे १६१६ साली छापले गेले. पुढे एकोणिसाव्या शतकात बाबा पदमनजी, त्यानंतर पंडिता रमाबाई, रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांनी ही परंपरा समृद्ध केली. या सर्वांच्या लेखनात एक शब्द पुनःपुन्हा येतो. तो म्हणजे 'कृपा'. हा शब्द आपल्या इतक्या परिचयाचा आहे, की वाचताना आपण त्यापाशी थांबत नाही. 'देवाची कृपा', 'आपली कृपा असावी' असे आपण सहज लिहितो, बोलतो. परिचयामुळेच अर्थ निसटतो, आणि या घटकातील मुख्य अडचण तीच आहे.

ती दूर करण्यासाठी आपण एका प्रश्नापासून आरंभ करू. तुमच्यापैकी बहुतेकजण प्रौढ आहेत. संसार, नोकरी, शेती सांभाळून हा अभ्यास करीत आहेत. प्रौढ माणसाच्या मनात एखादे जुने शल्य असतेच. वडिलांशी झालेले शेवटचे बोलणे रागाचे ठरले. आई आजारी असताना वेळेवर पोहोचणे झाले नाही. धाकट्या भावाला दिलेला शब्द पाळला गेला नाही. आता क्षमा मागावी, तर ती देणारे माणूसच उरलेले नसते. ज्याचे देणे आहे तोच नाही, अशा ऋणाचे काय करायचे? ख्रिस्ती परंपरेतील 'कृपा' ही संकल्पना या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. ते उत्तर तुम्ही स्वीकारावे, असा या घटकाचा हेतू नाही. ते नीट समजावे, एवढाच आहे.

२. ऋण : फेडणे, फिटणे, सोडणे

येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत क्षमायाचना आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात तेथे 'ऋण' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, तर लूकच्या शुभवर्तमानात 'पाप' या अर्थाचा. म्हणजे पापाकडे देणे म्हणून पाहण्याची रीत त्या परंपरेत मुळापासून आहे.

मराठीत ऋणाबरोबर प्रामुख्याने तीन क्रियापदे येतात. 'मी ऋण फेडले' या वाक्यात कर्ता ऋणको आहे. 'ऋण फिटले' या वाक्यात कर्ता दिसत नाही. देणे संपले एवढेच कळते. 'त्याने ऋण सोडले' या वाक्यात मात्र कर्ता धनको आहे. अपराधाने दबलेले मन सदैव पहिल्या वाक्यात वावरते: मी फेडीन, मी भरून काढीन. कृपेची भाषा तिसऱ्या वाक्याची आहे. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे, तर कृपा म्हणजे कर्त्याचा पालट होय.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दाखला या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. एका सेवकावर राजाचे दहा हजार तालांतांचे कर्ज असते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब केला तर हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे, म्हणजे दीड लाखाहून अधिक वर्षांच्या श्रमाएवढे होते. तरीही तो सेवक राजापुढे लोटांगण घालून माफी मागत नाही, मुदत मागतो. सारे फेडीन, असे वचन देतो. राजा मुदत देत नाही. तो कर्जच सोडून देतो. आकडा मुद्दाम अशक्य ठेवला आहे, हे लक्षात घ्या. जे फेडता येईल त्याला मुदत पुरते. जे फेडता येणार नाही, तेथे सोडणाऱ्याचीच गरज असते.

या दाखल्याचा उत्तरार्धही विसरू नये. तोच सेवक बाहेर पडतो आणि शंभर दीनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरतो. हे कळताच राजा त्याला पुन्हा शिक्षेच्या हवाली करतो. ज्याला सोडले गेले त्याने इतरांना सोडले पाहिजे, हा कृपेचा दुसरा पैलू येथे सूचित होतो.

३. पश्चात्ताप : जळणे आणि वळणे

'पश्चात्ताप' या शब्दाची फोड 'पश्चात्' अधिक 'ताप' अशी होते. नंतर होणारा दाह, हा त्याचा मूळ अर्थ. मराठी बायबलमध्ये हा शब्द ज्या ग्रीक शब्दासाठी येतो तो 'मेतानोइया'. त्यात दाह नाही; मन पालटणे, हा त्याचा गाभा आहे. मराठी शब्दात जळणे आहे, ग्रीक शब्दात वळणे आहे. मराठीतही 'पश्चात्ताप होणे' आणि 'पश्चात्ताप करणे' असे दोन प्रयोग आहेत. पहिला माणसाला घडतो. दुसरा तो जाणीवपूर्वक करतो.

हा भेद शुभवर्तमानांतील दोन शिष्यांच्या कथांतून स्पष्ट होतो. एकाच रात्री यहूदाने येशूला पकडून दिले आणि पेत्राने त्याला तीनदा नाकारले. दोघांनाही दुःख झाले. यहूदाने चांदीची तीस नाणी परत नेऊन टाकली, म्हणजे आपल्या परीने देणे फेडू पाहिले. त्याच्याविषयी मत्तयाने वापरलेले ग्रीक क्रियापद 'मेतामेलोमाइ' हे आहे. त्यात खंत आहे, पण 'मेतानोइया'तील पालट नाही. त्या खंतीतच त्याचा अंत झाला. पेत्रही हमसून रडला. परंतु तो सोबत्यांमध्ये राहिला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस पुनरुत्थित येशू त्याला तलावाच्या काठी भेटतो. तेथे कोळशाचा विस्तव पेटलेला आहे. पेत्राने येशूला नाकारले तेव्हाही तो कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा होता. तीनदा नाकारणाऱ्याला येशू तीनदा एकच प्रश्न विचारतो: तुझे माझ्यावर प्रेम आहे काय? जाब विचारला जात नाही. काम सोपवले जाते. जेथे जखम झाली, तेथेच ती बरी केली जाते.

येथे कृपा आणि अपराधभाव यांचा संबंध स्पष्ट होतो. अपराधभाव दार दाखवतो. परंतु दारातच बसून राहणे म्हणजे आत जाणे नव्हे. स्वतःला अखंड दोष देत राहणे ही नम्रता वाटते. तथापि त्यातही लक्ष स्वतःवरच खिळलेले असते, असे ख्रिस्ती विचारवंत मानतात.

४. अपुरे राहिलेले वाक्य

लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला तुम्ही ऐकला असेल. वाटणी घेऊन परदेशी गेलेला धाकटा मुलगा सर्वस्व उधळतो, उपाशी मरू लागतो आणि परत फिरतो. परत येण्यापूर्वी तो मनाशी आपले बोलणे जुळवतो. त्यात तीन भाग असतात: मी पाप केले आहे, तुमचा मुलगा म्हणवून घेण्यास मी योग्य नाही, मला तुमच्या एका मजुराप्रमाणे ठेवा.

आता पुढचा क्रम पाहा. मुलगा दूर असतानाच बाप त्याला पाहतो, कळवळतो, धावत जातो, गळ्यात पडतो, मुके घेतो. त्यानंतर मुलगा बोलू लागतो. पहिले दोन भाग तो बोलतो. तिसरा त्याच्या तोंडी येतच नाही. बाप चाकरांना उत्तम झगा आणायला सांगतो. मजुरी करून फेडण्याचा प्रस्ताव मांडलाच जात नाही.

संहितेचा अभ्यास करताना जे लिहिले आहे त्याइतकेच जे गाळले आहे तेही महत्त्वाचे असते. येथे कबुलीजबाब पूर्ण होण्याआधी आलिंगन आले आहे. कृपा ही पश्चात्तापाचे बक्षीस नाही, ती पश्चात्तापाच्या आधीची आहे, हे ख्रिस्ती मत या क्रियापदांच्या क्रमात सामावलेले आहे.

५. दुर्बलता : न निघणारा काटा

अपराध आणि दुर्बलता यांत भेद आहे. अपराध हे कृत्य आहे. त्याला क्षमा लागते. दुर्बलता ही अवस्था आहे. तिला आधार लागतो. आपण अनेकदा दुर्बलतेलाच अपराध समजतो आणि पुन्हा तीच चूक झाली की निराश होतो.

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल आपल्या देहात रुतलेल्या एका काट्याचा उल्लेख करतो. तो काटा कोणता, हे त्याने सांगितलेले नाही. तो निघावा म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली. काटा निघाला नाही. त्याऐवजी, कृपा पुरेशी आहे आणि दुर्बलतेतच सामर्थ्य पूर्णत्वास जाते, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. म्हणजे कृपा दोन प्रकारे कार्य करते: अपराधाच्या बाबतीत ती सोडवते, दुर्बलतेच्या बाबतीत ती सोबत करते. दुसऱ्या प्रकारातील सांत्वन अधिक खडतर असते, कारण त्यात परिस्थिती बदलत नाही.

६. पंडिता रमाबाई : बाप्तिस्म्यानंतरची वर्षे

या संकल्पनेचे एक बोलके उदाहरण आपल्याच भूमीतील आहे. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे ते पुण्यास आले. विधवांच्या शिक्षणाचे इतके मोठे कार्य हाती असतानाही त्यांचे मन शांत नव्हते. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्यांनी हे प्रांजळपणे नोंदवले आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाची कबुली त्या देतात. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचताना आपल्यातील ही उणीव त्यांच्या ध्यानी आली. धर्म बुद्धीने मान्य करणे वेगळे आणि पापी म्हणून रिकाम्या हातांनी कृपा स्वीकारणे वेगळे, हे त्यांना उमगले.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. रमाबाईंपाशी विद्वत्ता होती, त्याग होता, कर्तृत्व होते. फेडण्यासाठी कोणापाशी काही असेल, तर ते त्यांच्यापाशी होते. तरीही सांत्वन लाभले ते कर्तृत्वातून नव्हे. त्यानंतर कर्तृत्व थांबले, असेही झाले नाही. केडगावचे मुक्ती मिशन त्यानंतरचेच. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा अभ्यासून त्यांनी केलेला बायबलचा सोपा मराठी अनुवाद त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाला.

७. मराठी 'कृपा' आणि ख्रिस्ती 'कृपा'

नव्या करारातील ग्रीक शब्द 'खारिस' हा आनंदवाचक धातूशी संबंधित आहे. मेहेरबानी, देणगी, प्रसन्नता अशा त्याच्या छटा आहेत. संस्कृत 'कृपा' शब्दात कळवळ्याची छटा प्रबळ आहे. त्यामुळे मराठीत येताना या संकल्पनेला करुणेचा ओलावा लाभला. शिवाय येथे भक्तिपरंपरेने भूमी तयार केलेलीच होती. 'पतितपावन' हे विशेषण ज्या भाषेत घरोघर उच्चारले जाते, त्या भाषेला लायकी नसताना लाभणारी कृपा परकी वाटत नाही. टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग निवडला, यामागे हेही कारण आहे.

साम्य असले तरी भेद पुसू नये. ख्रिस्ती विचारात कृपा ही एका ऐतिहासिक घटनेशी, येशूच्या वधस्तंभावरील मरणाशी, अतूटपणे बांधलेली आहे. ऋण नाहीसे होत नाही. ते धनकोनेच स्वतःवर घेतले, अशी ती श्रद्धा आहे.

८. एक आक्षेप

क्षमा इतकी सहज असेल, तर माणूस बेजबाबदार होणार नाही काय? हा आक्षेप जुना आहे. पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याची दखल घेतली आहे. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातील जक्कयाची कथा त्याचे उत्तर देते. हा श्रीमंत जकातदार येशूला पाहण्यासाठी झाडावर चढतो. येशू त्याला खाली बोलावतो आणि त्याच्या घरी उतरण्याचे ठरवतो. त्यानंतर जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे जाहीर करतो. येथे फेडणे आहेच. मात्र ते आधी नाही, नंतर आहे. भयाने फेडणे आणि मुक्त झाल्यावर फेडणे, यांत हात तेच असले तरी मन तेच नसते.

९. सारांश

अपराधभाव माणसाला फेडण्याच्या भाषेत अडकवतो. कृपेच्या संकल्पनेत कर्ता पालटतो. सोडणारा पुढे येतो. पश्चात्तापाचे मर्म जळण्यापेक्षा वळण्यात आहे. दुर्बलतेत कृपा काटा काढीलच असे नाही. ती सोबत करते. आणि कृपा जबाबदारी संपवत नाही, तिचा क्रम बदलते. आरंभीच्या प्रश्नाकडे वळायचे, तर जे देणे घेणाराच उरलेला नाही, ते या परंपरेच्या मते सोडले जाऊ शकते. आणि आपल्याला जे सोडले गेले ते आपण हयात माणसांना सोडू शकतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'ऋण फेडणे' आणि 'ऋण सोडणे' या प्रयोगांतील कर्तृभेदाच्या आधारे कृपेची संकल्पना स्पष्ट करा.
२. पेत्र आणि यहूदा यांच्या कथांची तुलना करून पश्चात्तापाची दोन रूपे सांगा.
३. पंडिता रमाबाईंच्या अनुभवातून कर्तृत्व आणि कृपा यांचा कोणता संबंध दिसतो?
४. तुमच्या बोलीत क्षमा, माफी, ऋण यांसाठी कोणते शब्द व वाक्प्रचार रूढ आहेत? त्यांची यादी करून प्रत्येकातील कर्ता कोण, ते नोंदवा.